मी वाईट गोलकीपर असल्याबाबत

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात शास्त्रज्ञ आहेत, प्राध्यापक आहेत, फौजेतून निवृत्त झालेले तर कुठेही हात घालावा आणि सापडावेत इतके आहेत. पोटासाठी गोलकीपिंग केलेला मात्र मी एकटाच. त्यामुळे अंकासाठी लेख मागायला जोशीबाई जानकीपुरमहून थेट वृंदावन योजनेतल्या आमच्या घरी आल्या, तेव्हा मला बरं वाटलं. बाई औषधांच्या संशोधनातून निवृत्त झालेल्या. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला आल्या म्हणजे पानं बरीच रिकामी असणार, हे मी ओळखलं. चहा घेता घेता त्यांनी सुचवलं की तुमच्या यशाचे चार-दोन प्रसंग लिहा. मी म्हटलं, अर्धं पान पुरेल. मग अपयशाचे लिहा, त्या म्हणाल्या. त्यावर आतल्या खोलीतून माझ्या मुलीचा आवाज आला, "आंटी, फिर तो पूरा अंक लग जाएगा."

मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर ती हिंदीत देते. तिचा जन्म इथला. मीही तसा इथलाच. बाबा गडहिंग्लजकडचे, फौजेत सुभेदार. लखनौ छावणीत शेवटची बदली झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. आमच्या गावाकडे फुटबॉल म्हटलं की पोरं जेवायची विसरतात. बाबा त्याला अपवाद होते. त्यांच्या मते चेंडूमागे धावणं हा व्यायाम होता आणि चेंडूची वाट बघत उभं राहणं हा व्यायामही नव्हता. मी नेमकं तेच निवडलं.

सोळा वर्षांत मी नऊ संघांकडून खेळलो. खेळलो म्हणजे नऊ संघांचा ट्रॅकसूट घातला. संघात दोन गोलकीपर असतात. पहिला खेळतो. दुसरा पहिल्याला सरावाचे चेंडू मारतो, सामन्याआधी त्याच्याइतकाच घाम गाळतो, मग बाकावर जाऊन बसतो आणि पहिल्याच्या तब्येतीबद्दल मनात चांगला विचार आणायचा प्रयत्न करतो. तो दर वेळी जमतोच असं नाही. मी आयुष्यभर दुसरा होतो. एका संघात तर तिसरा होतो. तिथे माझं मुख्य काम जाळ्या बांधणं हे होतं आणि त्याबद्दल माझं कौतुकही व्हायचं.

बाहेरच्यांना वाटतं, या कामात उडी मारता आली की झालं. उडी शेवटची गोष्ट. चांगला गोलकीपर आधीच अशा जागी उभा असतो की उडी मारायची वेळ येत नाही. मी फार उड्या मारायचो, यावरून काय ते समजा. शिवाय आपल्याकडच्या मैदानांवर सगळीकडे गवत असतं, फक्त गोलसमोर नसतं. तिथे उन्हाळ्यात वीट आणि हिवाळ्यात चिखल. आई माझ्या हाफ पँटला आतून जुन्या गोधडीचे तुकडे शिवून द्यायची, तरी कंबरेच्या दोन्ही बाजूंना आजही खुणा आहेत. बोटं तर विचारू नका. सब्जीवाल्याला दोन बोटं दाखवली तर तो विचारतो, "भैया, डेढ़ किलो?"

आता मुख्य गोष्ट. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं मी लखनौतल्याच चिनहटच्या एका कारखान्याच्या संघात होतो. कारखान्याला नाव हवं होतं, म्हणून त्यांनी संघ ठेवला होता. आम्ही सगळे कंत्राटावर. पहिला गोलकीपर थापा, देहरादूनचा, मांजरासारखा चपळ. दुसरा मी. आणि आमचा स्टॉपर अस्लम. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहणारा मधला बचावपटू. या दोघांचं नातं नवरा-बायकोसारखं असतं. दिवसभर एकमेकांवर ओरडायचं आणि बाहेरचा आला की एक व्हायचं. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की त्याची नजर एकाच ठिकाणी जाते. बाकीचं मैदान त्याच्यासाठी स्टॉपर बघतो आणि आवाज देतो. अस्लमचा आवाज खणखणीत होता आणि मी तो डोळे मिटून ऐकायचो. कधी कधी खरोखरच डोळे मिटलेले असायचे.

आमच्या सामन्यांना नेमाने येणारे एक गृहस्थ होते, मिर्झासाहेब. अमीनाबादेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सामन्याच्या दिवशी ते दुकान लवकर बंद करत, स्वतःचं स्टूल घेऊन येत आणि बरोबर गोलच्या मागे बसत. दुसऱ्या शहरांत प्रेक्षक आईबहिणीवरून बोलतात. मिर्झासाहेबांनी सहा वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. मी उभा असताना गोल झाला की ते हळूच म्हणायचे, "मियाँ, तकलीफ़ न हो तो कभी हाथ भी लगा दिया कीजिए." शिव्या परवडल्या असत्या. शिवी मैदानावरच राहते, हे घरी घेऊन जावं लागायचं.

त्या हिवाळ्यात शहरातल्या एका मोठ्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. कारखान्याच्या मॅनेजरने सांगितलं की जिंकलात तर चौघांना कायम करू. चौघांत अस्लमचं नाव होतं. माझं नव्हतं आणि त्यात मॅनेजरची काही चूक नव्हती. अस्लमचं लग्न मलिहाबादच्या एका घरात ठरलं होतं आणि मुलीच्या वडिलांची अट एकच होती, नोकरी पक्की हवी. सामन्याच्या चार दिवस आधी थापाला कावीळ झाली. त्याच्या तब्येतीबद्दल मी खरोखर चांगला विचार करत होतो, शपथेवर सांगतो, कारण आता उभं मला राहायचं होतं.

सामना दुपारचा होता. धुकं वर गेलं होतं पण ऊन पडलं नव्हतं, हातमोजे ओले ते ओलेच. मी बरा खेळलो. तीन चेंडू अडवले, त्यातला एक तर मुद्दाम. मिर्झासाहेब मागे गप्प होते, म्हणजे त्यांना माझ्यात काही सापडत नव्हतं. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील. बाजूने एक उंच चेंडू आला, मी तो आरामात छातीशी धरला. डावीकडे आमचा खेळाडू मोकळा दिसला. त्याला चेंडू लोटून द्यायला मी हात मागे नेला आणि तेवढ्यात अस्लम ओरडला, "रुक!"

मन थांबलं. मागे निघालेला हात थांबला नाही. ओल्या मोज्यातून चेंडू मागे सुटला, एक टप्पा घेतला आणि गोलकडे निघाला. मी वळलो, धावलो, घसरलो. पडल्या पडल्या बघतो तर संध्याकाळी म्हैस आपलं घर ओळखून आत शिरते, तसा तो संथपणे आत शिरला. आम्ही एका गोलने हरलो. मिर्झासाहेब स्टूल मिटून निघून गेले.

असा गोल कुणी खातो यावर लोकांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच चर्चा, देसाईने सामना विकला. कारखान्याने स्पर्धेच्या समितीकडे चौकशी मागितली. समितीत तीन जण. अध्यक्ष निवृत्त पोलीस अधिकारी होते आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणाची तरी चौकशी करायला मिळाली होती. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाने सामना चित्रित केला होता. त्याला नवरदेवाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेण्याची सवय. त्यामुळे चित्रात मी, माझा चेहरा आणि चेंडू एवढंच होतं, बाकी मैदान दिसतच नव्हतं. त्यांनी तो गोल मला चार वेळा दाखवला. दर वेळी मला वाटायचं, या वेळी तरी अडवेल.

अध्यक्षांनी विचारलं की चेंडू देता देता तुम्ही मध्येच का थांबलात. मी खरं ते सांगितलं. अस्लमने 'रुक' म्हणून आवाज दिला म्हणून थांबलो. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं, बाकीच्या दोघांकडे पाहिलं आणि मला जायला सांगितलं. स्कूटरवर घरी येताना मला हलकं वाटत होतं. आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी लागला. आमचे कोच तिवारी सर घरी आले. त्यांनी सांगितलं की समितीचा रोख आता अस्लमवर वळला आहे. समोरच्या संघातला एक खेळाडू अस्लमच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या नात्यात निघाला होता. सामन्याच्या आदल्या दिवशी दोघं चहाच्या टपरीवर बोलताना कुणी तरी पाहिलं होतं. लग्न ठरलेल्या घरचा माणूस भेटला तर बोलणारच. पण समितीने जोडायचं ते जोडलं. अस्लमवर बंदी येणार, नोकरी जाणार आणि नोकरी गेली की लग्नही. तिवारी सर मला रागावले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "तूने झूठ नहीं बोला. बस, अपने को बचा लिया."

दिवसभर मी घरात इकडून तिकडे फिरलो. चूक माझ्या हाताची होती. अस्लमचा आवाज बरोबरच असणार. डावीकडच्या आमच्या खेळाडूमागे त्यांचा कुणी तरी टपून असेल, म्हणूनच तो ओरडला असेल. चांगल्या गोलकीपरने चेंडू छातीशी ओढून घेतला असता. म्हणजे अस्लम सुटायचा तर एकच मार्ग होता. हा गोल लबाडीचा नाही, नालायकीचा आहे, हे मला सिद्ध करायचं होतं.

मी कागद घेऊन बसलो. मला लिहिता येईना. बाबा बाजूला वर्तमानपत्र वाचत होते. काय करतोयस विचारल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि म्हणाले, "मर्दा, अर्ज असा असतोय व्हय?" मग चष्मा पुसून स्वतःच लिहायला बसले. फौजेत तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज लिहिले होते. 'सविनय निवेदन है कि प्रार्थी एक साधारण से भी निम्न स्तर का गोलकीपर है' अशी सुरुवात त्यांनी इतक्या सहज केली की मला शंका आली, हे वाक्य बरीच वर्षं तयार होतं की काय. पुढे म्हणाले, नुसतं म्हणून चालत नाही, उदाहरणं दे, क्रमाने दे.

मी उदाहरणं दिली. एकदा फ्री किकच्या वेळी खेळाडूंची भिंत उभी केली आणि स्वतः तिच्या बरोबर मागे उभा राहिलो. चेंडू कुठून आला ते जाळीत गेल्यावर कळलं. एकदा पेनल्टी अडवून हात वर करून नाचत असताना अडवलेला चेंडू त्यांच्याच माणसाने परत मारला. एकदा मी लांब मारलेली किक आमच्याच खेळाडूच्या पाठीवर आपटून गोलमध्ये आली. बाबा विचारत गेले आणि मी सांगत गेलो. इतक्या वर्षांत त्यांनी माझा एकही सामना पाहिला नव्हता, माझ्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदाच आम्ही दोघं फुटबॉलवर दीड तास बोललो. शेवटी 'असलम द्वारा दी गई आवाज़ सर्वथा उचित थी' हे वाक्य त्यांनी घातलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे सगळं खरं आहे ना?"

"हो, बाबा."

"मग सही कर. आणि हे कारखान्यातही जाईल, एवढं लक्षात ठेव."

ते मला कळत होतं. आपण नालायक असल्याचा दाखला स्वतःच्या सहीने दिल्यावर कोण कंत्राट देणार? मी सही केली. मिर्झासाहेबांकडेही गेलो. दुकानात ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात वाकले होते. साक्ष द्याल का विचारलं, तर वर न बघता त्यांनी होकार दिला.

समितीपुढे अध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला. मग मिर्झासाहेबांना विचारलं की हा माणूस पैसे घेऊन गोल सोडेल असं तुम्हाला वाटतं का. मिर्झासाहेब उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "हुज़ूर, छह साल से इनके पीछे बैठ रहा हूँ. इस काम के लिए इन्हें पैसे देने की किसी को ज़रूरत नहीं."

अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. बाकीच्या दोघांतला एक जण बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. निकाल आठवड्याने आला. अपघात, कुणाचाही दोष नाही. 'कुणाचाही' हा शब्द मला जरा जास्तच उदार वाटला.

मॅनेजर माणूस बरा निघाला. काही महिन्यांनी त्याने अस्लमला स्टोअरमध्ये कायम केलं. लग्न झालं, मला पत्रिकाही आली, वलीमाला, म्हणजे निकाहनंतरच्या मेजवानीला, मी जेवलो. माझं कंत्राट मात्र त्यांनी वाढवलं नाही. तसं कळवणाऱ्या पत्राला कारण म्हणून माझाच अर्ज जोडला होता. मग मी दिल्ली, गोवा, ईशान्येकडचं एक गाव असा फिरलो. लखनौच्या बाहेर माझा अर्ज कुणी वाचला नव्हता.

मनाला लागून राहिलं ते दुसरंच. अस्लम माझ्याशी बोलायचा थांबला. बाजारात दिसला तर सलाम करायचा, घरचं विचारायचा आणि काही तरी निमित्त काढून निघायचा. मी समजून होतो. समितीपुढच्या माझ्या त्या पहिल्या वाक्याने त्याचा संसार उभा राहण्याआधीच मोडायची वेळ आली होती. पुढे मी हातमोजे टांगून ठेवले, एका शाळेत खेळाचा मास्तर झालो, तरी त्याला बघितलं की ते वाक्य आठवायचं. दहाएक वर्षं अशी गेली.

मग एका रविवारी सकाळी तो दारात उभा. दाढी वाढलेली, केस पांढरे. हजला निघाला होता. निघण्याआधी ओळखीच्यांच्या घरी जाऊन कहा-सुना माफ करा म्हणायचं, अशी त्यांची रीत. लोक दारातच म्हणतात आणि पुढच्या घरी जातात. अस्लम आत येऊन बसला. बायकोने पोहे आणले, त्याने हात लावला नाही.

"देसाई, उस दिन पीछे कोई नहीं था," तो म्हणाला. "मुझे लगा कि है. घबराहट में आवाज़ दे दी. लेफ़्ट पर मैदान साफ़ था."

तो सांगत राहिला. अर्जात मी त्याचा आवाज योग्य होता असं लिहून दिलं, ते समितीने त्याला वाचून दाखवलं होतं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण नोकरी होती, लग्न होतं. नंतर दर वेळी मी समोर दिसलो की त्याला सांगावंसं वाटायचं आणि जीभ उचलायची नाही, म्हणून तो निमित्त काढून निघून जायचा. म्हणजे इतकी वर्षं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघंही तोंड लपवत होतो.

पाणी आणायच्या निमित्ताने मी उठून स्वयंपाकघरात गेलो. खरं सांगतो, मला राग आला होता. माझी नोकरी गेली, हा राग नव्हता. ती कधी ना कधी जाणारच होती. दहा वर्षं मी ज्याच्यासमोर मान खाली घालत होतो, त्याला सगळं माहीत होतं. बायकोने काय झालं विचारलं. मी काही नाही म्हटलं आणि नळाचं पाणी उगाच वाहू दिलं. मग माझ्याच मनात आलं, तो खरं बोलला असता तर समितीने त्याला सोडलं असतं का? नसतं. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो का? मी तर पहिल्याच दिवशी त्याचं नाव घेऊन मोकळा झालो होतो.

बाहेर येऊन मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "माफ़ किया यार. और गेंद तो मेरे ही हाथ से छूटी थी."

"वो तो है," अस्लम म्हणाला आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

त्याच्या निघण्याच्या दिवशी सकाळी मी चिनहटला त्याच्या घरी गेलो. अंगणात नातेवाईक, शेजारी, कारखान्यातले लोक जमले होते. त्याच्या गळ्यात इतके हार होते की नाकापर्यंत फुलं आली होती. मीही एक घातला. बाजूला मलिहाबादहून आलेले त्याचे सासरे खुर्चीवर बसले होते. अस्लमने माझा हात धरून मला त्यांच्यासमोर नेलं आणि सांगितलं, हे देसाई भाई, आमच्या संघाचे गोलकीपर होते. सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जावयाला विचारलं की हे खेळायचे कसे.

अस्लमने माझ्याकडे पाहिलं. हजला निघालेला माणूस, खोटं बोलायची सोय नव्हती.

"अब्बा," तो म्हणाला, "आदमी बहुत अच्छे हैं."